बायकांची रास

चौथ्या वेळी ते चार पायांचं यंत्र लाल उतारावरून घसरत खाली आलं, तेव्हा तीन माणसं धावली. एकाने त्याच्या पोटाखाली हात घातला, दुसऱ्याने पायांची माती पुसली, तिसरा कॅमेऱ्यावर फुंकर घालू लागला. पद्मावतीने हातातला चहाचा कोप पायरीवर आपटला.

"विनोदिनी पडली तेव्हा मुकादमान आधी पाटी सरळ केल्यान," ती मोठ्याने म्हणाली. "मागीर तिका."

ज्याच्यासाठी ती बोलली, त्याला ते ऐकू गेलं. कृष्णनाथ खाणीवर सुपरवायझर होता, आणि विनोदिनीचा मुलगा. त्याने मान वळवली नाही.

"काकी, तू घरात बस गे. हय काम चालला."

"कसला काम? चार पाय दिल्यात त्येका, पण चढूक कोणी शिकवूक नाय!"

पद्मावतीच्या अंगणामागे उभा असलेला डोंगर देवाने केलेला नव्हता. खाणीतली टाकाऊ माती तिने आणि वाड्यातल्या बायकांनी पाट्यांतून डोक्यावर वाहिली होती. पुढे ट्रक आले आणि डोंगर दुप्पट झाला. मग खाण बंद पडली, कचेरी तेवढी उरली, डोंगरावर अकेशियाची झाडं लावली गेली आणि डिचोलीहून येणारा प्रत्येक साहेब लांबूनच त्याला हिरवागार म्हणून परत गेला. डोंगराच्या पायथ्याशी अकरा घरं होती. पहिलं विनोदिनीचं, दुसरं पद्मावतीचं.

तीन वर्षांमागे एका सकाळी पद्मावती दात घासत अंगणात उभी होती, आणि तिला रास दिसली नाही. अर्ध्या चढावर, वाट वळते तिथे, पहिल्या खेपेला प्रत्येक बाई राखणदार देवाच्या नावाने एक दगड ठेवायची. 'पाय सांभाळ रे बाबा' एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं. त्या दगडांची पुरुषभर उंच रास झाली होती. तिचं टोक अंगणातून दिसायचं. दगड काही चालत जात नाहीत. रास खाली गेली म्हणजे तिच्या खालची जमीन गेली.

तिने सुनेकडून कचेरीला अर्ज लिहून घेतला. मग दुसरा. तीन पावसाळ्यांत पाच. उत्तर दर वेळी तेच, आता तिला पाठ झालेलं: 'सदर जागा दुर्गम असल्याने प्रत्यक्ष पाहणी करणे शक्य नाही.' रास खचली असं ती सांगायची, तेव्हा कृष्णनाथ साहेबाला हसून म्हणायचा, "बायकांच्यो गजाली."

आता तीच माती विकायची ठरली होती, त्यासाठी ती मोजायची होती. झाडांखालची जमीन वरून उडणाऱ्या यंत्राला दिसेना, आणि माणसाने चढायला बंदी. म्हणून हे चालणारं यंत्र आणलं होतं. पाच अर्जांना दोन पायांचा एक माणूस मिळाला नव्हता. मातीला चार पाय मिळाले होते.

यंत्र चालवणारा अभिजीत कोल्हापूरकडचा होता. तो घामाघूम होऊन पायरीपाशी आला आणि त्याने पाणी मागितलं.

"दगडाधोंड्यांत झ्याक चालतंय बघा आज्जी. पर ही माती पायाखालनं सरकाय लागलीया."

"आमच्या पायाखालसून पण सरकायची. सरळ कित्याक घालतंस त्येका? आम्ही आडव्यो चढायचो. त्या आंब्याकडसून उजवीकडे, मागीर कातळ लागता. खाली कातळ असा तेवढीच वाट घट."

"आज्जी, तुम्ही चढत हुता ह्यावर?"

"हो डोंगर कोणी केलो तर?"

अभिजीतने पाणी प्यायचं तसंच ठेवलं.

"ती वाट राशीकडे जाता," कृष्णनाथ घाईने म्हणाला. "थय मोजूक काय नाय."

"वर जायाची वाट तर तीच हाय न्हवं, साहेब?"

यंत्र आंब्याकडून आडवं निघालं. तीन पाय रोवायचं, चौथा पुढे टेकवून चाचपायचं, मगच अंगाचा भार टाकायचं. एकदा मागचा पाय निसटला, पण ते पडलं नाही. जरा वाकलं, सावरलं, पुढे गेलं. पद्मावती पायरीवरून उठून अभिजीतच्या हातातल्या पडद्याजवळ येऊन कधी उभी राहिली, ते तिचं तिलाच कळलं नाही. डोक्यावर बोजा असलेली बाई अशीच चालते. याच्या डोक्यावर पाटी तेवढी नव्हती.

झाडी दाटली. पडद्यावर पाचोळा, मुळं, लाल माती. आणि मग दगड.

अर्धीच रास उभी होती. उरलेली खाली गेली होती. यंत्राने पुढचा पाय टाकला, हवेतच चाचपला आणि मागे घेतला.

"थांबलं," अभिजीत हळू म्हणाला. "फुडं जमीन न्हाई."

त्याने कॅमेरा फिरवला. राशीजवळून निघालेली भेग दोन्ही बाजूंनी झाडीत गेली होती, माणूस उभा मावेल एवढी रुंद. कडा ताज्या, ओल्या लाल. पावसाला पंधरा दिवस होते.

"माघारी घे त्येका," कृष्णनाथ म्हणाला. "हो भाग आमच्या कामात नाय." पण त्याचा आवाज शेवटपर्यंत पोचला नाही.

"साहेब, ते बघंल ते समदं नोंदतंय. ह्ये बी नोंदलं."

पद्मावती कृष्णनाथकडे वळली. तीन वर्षांचं जे बोलायचं होतं ते सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं.

"आता लिही," ती म्हणाली. "जागा दुर्गम असा म्हणान लिही."

कृष्णनाथने खिशातून फोन काढला. कचेरीत कळवील, मग तिथला साहेब त्याच्या साहेबाला विचारील, आणि तोवर पाऊस येईल. पद्मावतीला हे पाठ होतं.

"मनीषा," कृष्णनाथ फोनवर म्हणाला. त्याची बायको, घरी विनोदिनीजवळ होती. "आवयक उठय. ना, आताच. तिका घेवन शाळेत जा." पलीकडून काही विचारलं गेलं.

"सामान मागीर," तो म्हणाला. "आधी तिका."

पद्मावतीने पायरीवरचा कोप उचलला आणि सुनेला हाक मारली. वर वळणावर, राशीपाशी, यंत्र अजून एक पाय उचलून उभं होतं.