सरावापुरती अडचण

परवा एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. शाळेची नोकरी सोडून लाइफ कोच व्हायचं त्यांनी मनावर घेतलंय. समोरच्या खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि भिंतीवरच्या माझ्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सर, अगदी खरं सांगा. ते घेतल्याने काही फरक पडतो का? की नुसता कागद?"

"घ्या," मी म्हणालो. त्यांना आणखी काही ऐकायचं होतं, पण माझा चढलेला आवाज ऐकून त्या उठल्याच. बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. हा प्रश्न कोणी विचारला की माझं डोकं फिरतं, आणि ते माझ्या स्वतःवरच फिरतं.

चौदा वर्षं मी पंप विकले. बोलण्यात मला कोणी हरवत नसे, आणि ऑफिसातलं ज्याचं त्याचं रडगाणं माझ्याच टेबलाशी येऊन थांबायचं. मग काय, अंगावर मूठभर मांस चढलं आणि मी कंपनी सोडून लाइफ कोच अशी पाटी लावली. माणसं येऊ लागली. त्यांना बरं वाटायचं, मला तर त्याहून बरं वाटायचं.

प्रमाणपत्राचं खूळ भावोजींमुळे शिरलं. भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, इलेक्ट्रिशियन. जेवायला बसलं की त्यांचं सुरू. "आमच्याकडे वायरीला हात लावायलासुद्धा परवाना लागतो. आणि हे महाशय सरळ लोकांच्या डोक्यात हात घालतात!" सगळे हसायचे. ताईही हसायची, हसता हसता माझ्या ताटात वाढायची. मला ते झोंबायचं. शिकण्यासाठी नव्हे, भावोजींचं तोंड बंद करण्यासाठी मी मान्यतेच्या कोर्सला नाव घातलं. आज ते कबूल करायला मला लाज वाटते, पण ते तसंच आहे.

शंभर तास सराव करायचा, प्रत्येक तासाची नोंद ठेवायची आणि शेवटी एका तासाचं रेकॉर्डिंग परीक्षकांकडे पाठवायचं. नियम कडक होते. सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. समोरचा थांबला तर आपणही थांबायचं. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा. अडचण खरी हवी, असंही नियमात लिहिलं होतं. पण शंभर तासांना खऱ्या अडचणीची माणसं आणायची कुठून? आम्ही उमेदवार घरातलंच कोणीतरी धरून बसवायचो आणि म्हणायचो, काहीतरी रचून सांग.

मार्चमधल्या एका दुपारी मी ताईकडे गेलो. सोमवारी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. ताई घराच्या मागच्या खोलीत पडदे शिवायची, हॉटेलांचे, दवाखान्यांचे, लांबच लांब. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"ताई, मला एक तास दे. एखादी अडचण सांग."

"हा ढीग दिसतोय ना? हीच अडचण."

"पडद्यांची नको गं. काहीतरी मोठं सांग. रचून सांग. सरावापुरतं."

ताईने मशीन थांबवलं. कापड सुईखालीच राहिलं. "रचून?" तिने विचारलं.

"हो. कोणाला काही कळणार नाही."

तिने ढीग बाजूला सारून मला समोर बसायला जागा केली. मग हातातला खडू ठेवला. "बरं, शहाण्या. लाव तुझं ते यंत्र."

तिने सांगितलेली अडचण अशी. पडदा वर लावून बघताना हात उंच केला आणि उजव्या काखेत गाठ लागली. दुखत नाही. घरात कोणाला सांगितलेलं नाही. डावा हात सारखा तिथेच जातो, म्हणून आता ती डाव्या कुशीवर झोपते, म्हणजे तो हात अंगाखाली राहतो.

मला काय वाटलं असेल? आनंद झाला. ताईने काय झकास विषय काढला, असं वाटलं! मी एकामागून एक प्रश्न विचारत गेलो. हे सांगितलं तर काय होईल असं तुला वाटतं? नाही सांगितलं तर? तुला आत्ता सगळ्यात जास्त कशाची गरज आहे? शेवटी नियमाप्रमाणे पुढचं पाऊल विचारलं, "मग डॉक्टरकडे कधी जायचं ठरवतेस?" ती गप्प बसली. मीही बसलो. मग ती म्हणाली, "पोरीची परीक्षा झाल्यावर."

"छान," मी म्हणालो.

यंत्र बंद केलं, तिला म्हणालो, "ताई, तू नाटकात जायला हवं होतंस!" ती उठली आणि चहा टाकायला गेली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरातसुद्धा गेलो नाही, रेकॉर्डिंग नीट झालंय का ते तपासत बसलो.

महिन्याभरात निकाल ईमेलने आला. पहिल्या पानावर वरच लिहिलं होतं, उत्तीर्ण. मी पुढे काही वाचलंच नाही. प्रमाणपत्राला चौकट करून घेतली आणि सगळ्यात आधी भावोजींना दाखवली. त्यांनी हात जोडले. "हरलो बुवा," म्हणाले. ताईने चौकटीची काच पदराने पुसली.

ऑक्टोबरमध्ये तिचा हात सुजला. भावोजींनी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेलं, मीही बरोबर होतो.

"गाठ कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मार्चपासून," ताई म्हणाली.

भावोजी तिच्याकडे बघतच राहिले. मी जमिनीकडे बघत होतो. मार्च म्हटल्यावर मला ती दुपार आणि ते रेकॉर्डिंग आठवलं.

घरी येऊन तो ईमेल उघडला. निकालाला दुसरं पान होतं. परीक्षक बाईंनी त्यावर लिहिलं होतं: "बाविसाव्या मिनिटाला या बाई आपण कुठल्या कुशीवर झोपतो आणि का, ते सांगतात. उमेदवार घरच्यांना अडचण रचायला सांगतात हे आम्हाला ठाऊक आहे, पण रचलेल्या गोष्टीत माणसं असलं काही सांगत नाहीत. गुण नियमाप्रमाणे दिले आहेत. पण ही अडचण खरी असावी असं मला वाटतं. याच आठवड्यात त्यांना भेटा, कोच म्हणून नव्हे, आणि डॉक्टरांकडे घेऊन जा."

त्या बाईंनी माझ्या ताईला कधी पाहिलेलं नाही. फक्त आवाज ऐकला होता. आणि मी, तिचा पाठचा भाऊ, तिच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. त्या बाई कुठेतरी रीतसर शिकल्या होत्या, त्यांचा कान तयार झाला होता. मी रीतसर चौकट करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी ताईच्या कॉटशेजारी बसलो आणि विचारलं, "तू मला सरळ का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला कळलंय. किती शांतपणे विचारत होतास! एवढं सगळं ऐकून तू छान म्हणालास. म्हटलं, म्हणजे घाबरण्यासारखं नसेल. परीक्षा झाली, मग हॉटेलचं मोठं काम आलं. तू म्हणाला होतास ना छान, म्हणून राहू दिलं."

तिनेच माझा हात धरला, डाव्या हाताने. "रडू नकोस रे. तुझा कागद तर आला ना."

त्यानंतर ती सव्वा वर्ष होती. भावोजी आता जेवताना माझी चेष्टा करत नाहीत. रेकॉर्डिंगचं त्यांना आजही माहीत नाही. सांगायचं ठरवून मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि बल्ब बदलायचाय असं सांगून परत आलो.

त्या शिक्षिका गेल्यावर मी पुन्हा ते रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज येतो, मग डॉक्टरकडे कधी जायचं ठरवतेस? त्यानंतर नऊ सेकंद कोणीच बोलत नाही. ताई माझ्याकडे बघत होती, मी "आत्ता चल" म्हणतोय का याची वाट बघत होती. निकालाच्या पहिल्या पानावर त्याचा वेगळा रकाना आहे, शांतता राखणे. त्यात मला पैकीच्या पैकी गुण आहेत.