शिंकांची रांग

"बाई, आणखी दोन," कारकून दारातूनच म्हणाले आणि शाळा सोडल्याचे दोन दाखले त्यांनी टेबलावर ठेवले. "वर्गशिक्षकांची सही तेवढी."

बाई शिक्षकखोलीत जमिनीवर बसल्या होत्या. भोवती तेरा वर्षांत बसवलेल्या नाटकांच्या वह्या पसरलेल्या.

"कोण कोण?"

"तुमचा लंबू आणि त्याची चुलत बहीण. एकाच ट्रकनं जातायत."

प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने एक आकडा होता. नाटक निवडताना लोक गोष्ट बघतात, गाणी बघतात, हशा किती पिकेल ते बघतात. बाई आधी आकडा बघत. सातवीत जितकी मुलं, तितकी पात्रं, आणि प्रत्येकाला निदान एक वाक्य. झाड झालं तरी झाडानं बोलायचंच. या हट्टापायी मुलांनी त्यांचं नाव 'वाक्यबाई' पाडलं होतं, आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

वर्षाच्या सुरुवातीला एकतीस पात्रांचं नाटक काढलं होतं. ते कपाटात गेलं. मग एकोणतीसचं. आता सत्तावीस. खिडकीतून कारखान्याच्या तीन चिमण्या दिसत. त्यांतल्या दोन चिमण्यांचा धूर कधीच थांबला होता. दुरुस्ती चाललीय, असं सगळे एकमेकांना सांगत, आणि सांगताना समोरच्याकडे बघत नसत.

बाईंनी 'राजाची शिंक' उचललं. भर दरबारात राजा शिंकतो, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून सगळा दरबार रांगेनं शिंकतो. प्रत्येकाची सबब निराळी. पोरं लोळून हसतील. शिवाय रांगच ती. एखादा कमी झाला तर...

त्यांचा हात थबकला. तेरा वर्षांत पहिल्यांदाच, किती गळतील हे धरून त्यांनी नाटक निवडलं होतं.

"चार पोरांचं काहीतरी सुटसुटीत बसवा हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "बघायला तरी कोण उरणार आहे?"

"चौघं बोलणार, आणि बाकीच्यांनी काय पडदा धरायचा?"

"तुम्ही म्हणजे ना!" त्या हसल्या, पण खिडकीकडे पाठ करून.

तालमी सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात हसून हसून प्रधानाच्या मिशा गळून पडल्या. दुसऱ्या आठवड्यात प्रधानच गेला. खजिनदाराला मिशा लावून प्रधान केलं. मग ढब्बू गेला. त्याचं वाक्य होतं, "महाराज, आमच्या घराण्यात शिंक वारशानंच येते!" बाईंनी ते शेजारच्या गोट्याला दिलं. गोट्या नुसता उभा राहिला.

"अरे, बोल ना."

"ते ढब्बूचं आहे, बाई."

"तो गेला ना रे आता."

"मग तो परत आला तर त्याला काय देणार?"

एरवी अशा बोलण्यावर वर्ग खिदळला असता. आज कुणी हललं नाही. त्या दिवसापासून ढब्बूच्या जागी सगळे एक श्वासभर थांबू लागले. बाईंनी सांगितलं नव्हतं. पोरांनीच ठरवलं. शिंक रांगेतून यायची, ढब्बूपाशी अडखळायची, पुढे जायची. मग आणखी एक जागा, मग लागोपाठ दोन. ऐकणाऱ्याला वाटावं, या दरबारात न दिसणारंही कुणी उभं आहे. आकडा खोडून खोडून वहीचा कोपरा पातळ झाला. आता तिथे एकोणीस होतं.

एकोणिसांत बाईंची स्वतःची मुलगी होती. ठकी. राजवाड्यातली परटीण. "महाराज, तुमच्यापायी राज्यातले रुमाल संपले!" एवढंच वाक्य, पण ती ते दात घासतानाही म्हणायची आणि आरशावर फेस उडवायची.

मंगळवारी दोघी घरी आल्या तर नवरा भर दुपारी घरात. भिंतीवरची फळी त्यानं काढून ठेवली होती.

"दादाचा फोन आला होता. तिकडे काम आहे. गुरुवारी ट्रक मिळतोय."

"शनिवारी नाटक आहे."

"ट्रक काय नाटकासाठी थांबणार आहे?" मग तो आवाज उतरवून म्हणाला, "भट्टी विझवली काल. आम्ही सहा जणांनीच. शनिवारपर्यंत इथे पाणी तरी सोडतील की नाही, देव जाणे. कुणाला बोलू नकोस."

"दोन दिवस, अहो. दोनच."

तो खिळे मोजल्यासारखा हातातल्या खिळ्यांकडे बघत राहिला. बाईंनी ठकीला पुढ्यात ओढलं आणि वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

"आई, माझं वाक्य कुणाला देणार?"

भांग वाकडा पडला. बाईंनी तो मोडून पुन्हा पाडला.

"कुणालाच नाही गं, बाळा."

बुधवारी त्यांनी ठकीच्या दाखल्याचा अर्ज दिला. कारकुनांनी नाव वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाई, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाले. वर्गशिक्षकांची सही बाईंनी स्वतःच केली.

गुरुवारी ट्रक शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. नवरा मागे सामानात बसला होता. बाई कपाटाची किल्ली आणि वही द्यायला आत गेल्या. मुख्याध्यापिकांनी वही उघडली. कोपऱ्यात आकडा नव्हता. खोडता खोडता तिथे भोक पडलं होतं.

"शनिवारी होणार हं नाटक," त्या म्हणाल्या. "मी बसते तालमीला. कुठे कुठे थांबायचं, तेवढं सांगून जा."

"पोरांना माहीत आहे," बाई म्हणाल्या.

त्या येऊन ट्रकमध्ये बसल्या. ठकी मध्ये, पलीकडे ड्रायव्हर. इंजीन धरायला वेळ लागत होता. सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या. राजा शिंकला. मग प्रधान. मग ढब्बूची जागा. बाईंचाही श्वास थांबला. गोट्या शिंकला. माळी शिंकला. दोन जागा रिकाम्या गेल्या. मग वैद्य.

मग आत काहीच ऐकू आलं नाही.

ठकीचे ओठ हलले. तिनं अख्खं वाक्य म्हटलं, रुमालासकट, आणि दोन्ही तळहात तोंडावर दाबून शिंकली.

आत पुढचा शिंकला.

"पोरीला सर्दी झालेली दिसते," ड्रायव्हर म्हणाला. "काच लावा, ताई. वारं लागेल."

"हो," बाई म्हणाल्या, आणि काच वर करू लागल्या.