आठ नंबरवर रोज एक होडी

देवबागच्या टोकाला, खाडी समुद्राला मिळते तिथे आमचं घर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडीचं मुख सरळ दिसतं. म्हणून मच्छीमारांच्या सोसायटीने किनाऱ्यावरचा वायरलेस आमच्या घरी ठेवला. अँटेना माडाला बांधली आणि सेट खिडकीजवळच्या फळीवर बसवला. तेव्हा मी स्वतः होडी घेऊन समुद्रात जायचो, त्यामुळे सेट सांभाळायचं काम माझ्या बायकोकडे, आनंदीकडे आलं.

काम बघायला सोपं होतं. मुखावर वाळू साचते. सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की एका वेळी एकच होडी आत येईल एवढी वाट उरते, आणि वारा असेल तर त्या वाटेवरच लाट फुटते. होडीतल्या माणसाला लाटेची पाठ दिसते, ती पुढे कुठे फुटते ते दिसत नाही. आमच्या खिडकीतून दिसतं. म्हणून संध्याकाळी होड्या बाहेर थांबायच्या आणि आनंदी एकेकाला आत घ्यायची.

सेटवर सगळ्यांच्या चॅनेलचा नंबर एकच, आठ. आपण बटण दाबलं की आपलं बोलणं सगळ्यांना जातं, पण बटण दाबून ठेवलं असेपर्यंत आपल्याला कोणाचं ऐकू येत नाही. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचं मिळून नुसती करकर होते. आणि दाबणाऱ्यांना ते कळतही नाही. दोघांनाही वाटतं, आपण बोललो, लोकांनी ऐकलं.

आनंदी फार कमी बोलायची. नाव घ्यायची, दोन शब्द बोलायची, बटण सोडायची. मोठ्या आवाजाचे लोक मध्ये घुसले तर त्यांना उत्तरच द्यायची नाही. ज्याचा आवाज बराच वेळ आला नाही त्याला आधी विचारायची. मला ते उलटं वाटायचं. एकदा मी म्हटलं, "जो बोलता तेका आधी घे मगे. जो गप आसा तेका घाई नाय."

ती म्हणाली, "गप आसा तो बरो आसा ह्या तुका कोणी सांगल्यान?"

गुडघ्यामुळे मी समुद्रात जाणं सोडलं, तरी सेट तिच्याकडेच राहिला. मी बाजूला बसून जाळं दुरुस्त करायचो. दिवाळीनंतर ती आजारी पडली. आधी मालवणला नेली, मग पणजीला. तिथून ती परत आली नाही.

बारावं-तेरावं झालं, लेक मुंबईला परत गेली आणि संध्याकाळी सेटसमोर मी बसलो. दुसरं कोणी बसणार नव्हतं, आणि मलाही दुसरं काही करायला नव्हतं. दिवसभर घरात कोणाचा आवाज नसायचा. चार वाजल्यानंतर सेटमधून माणसं बोलायला लागायची. मी त्यांना विचारायचो, आज काय मिळालं, बर्फ पुरला का, कोणाच्या जाळ्यात काय अडकलं. सगळ्यांना सगळं विचारायचो. आंतोनला तर जास्तच. आंतोन आणि मी लहानपणापासून एकत्र मासे मारले, त्यामुळे त्याच्याशी विषय संपायचा नाही.

सुरुवातीला गोंधळ व्हायचा. एकावर एक आवाज, करकर. मग माघ महिन्यात आपोआप शिस्त आली. संध्याकाळी आठ नंबरवर एकच होडी बोलायला लागली. एक दिवस सर्वेश, एक दिवस माझा पुतण्या गुरुप्रसाद, एक दिवस आंतोन. ज्याची होडी असेल तो निवांत बोलायचा. सर्वेश हा डॉल्फिन दाखवायला पर्यटकांना नेतो आणि बाकी वेळी मासे मारतो. त्याने एकदा मला बांगड्याच्या तिखल्याची पूर्ण कृती सांगितली, तिरफळं किती ठेचायची इथपर्यंत. मी विचारलं, "बाकीचे खंय गेले?" तो म्हणाला, "आसत, बाबूकाका. आयकतत."

मला वाटलं, हवा शांत आहे, माणसं आपापली आत येत असतील. आणि खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. आनंदीला ओरडावं लागायचं नाही, तरी मध्ये घुसणाऱ्यांना उत्तर न देऊन वळण लावावं लागायचं. माझ्या वेळी तेही लागत नव्हतं.

फाल्गुनात एका दुपारी आंतोनची बायको पिएदाद खुबे, म्हणजे शिंपल्यांचं कालवण, घेऊन आली. पातेलं ओट्यावर ठेवलं, त्यावर झाकण नीट बसवलं आणि म्हणाली, "जास्त तिखट नाय घातलंय. तुमका परत ॲसिडिटी नको."

मी म्हटलं, "बस गो. चाय ठेवतंय."

"नको. लवकर जावक व्हया. आज आमच्या आंतोनाची पाळी मा, तो उशिरा येतलो. तेच्या आधी मी चर्चमध्ये जावन येतंय."

"कसली पाळी?"

पिएदादने माझ्याकडे बघितलं आणि मग खुब्यांच्या पातेल्याकडे बघितलं.

"काय नाय ता," ती म्हणाली. "असांच."

"पिएदाद, कसली पाळी?"

ती खुर्चीवर बसली. तिला खोटं बोलता येत नाही, आणि आंतोन तिला याच कारणासाठी काही सांगत नाही, हे सगळ्या देवबागला माहीत आहे. या वेळी मात्र त्याने सांगितलं होतं.

"तुमच्याकडे बोलाची पाळी," ती म्हणाली. "पोरांनी लावलीहा. देवळात पूजेची लावतत मा, तशी. तुमी बटण सोडी नाय, म्हणान बाकीचे बारा नंबराक गेले. पण तुमी एकटे पडतलास म्हणान रोज एक जण आठावर रवता. राग मानू नका. कोण हसाक नाय तुमका. सर्वेश थोडो हसलो, तेका आंतोनान गाळी घातल्यान."

तिने विचारलं, "आंतोनाक सांगशात मी सांगलंय म्हणान?"

"नाय सांगत."

"सांगशात," ती म्हणाली, आणि उठून गेली.

ती गेल्यावर मी सेटसमोर बसलो. राग आला होता, पण कोणाचा ते ठरवता येत नव्हतं. सेट माझ्या घरात होता आणि त्यावर काय चाललंय ते मलाच माहीत नव्हतं. तिखल्याची कृती आठवली. सर्वेशला स्वयंपाक येतच नाही. त्याने ती आईला विचारून आणली असणार, माझ्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून.

चार वाजले. आठ नंबरवर आंतोनचा आवाज आला, "बाबू, आसस मा रे?"

मी नंबर फिरवून बाराला आणला.

तिथे सगळे होते. एकमेकांच्या बोलण्यात बोलत होते, हसत होते. कोणीतरी म्हणालं, "बाबूकाकाकडे आज कोण?"

"आंतोन."

"मगे काळोख पडतलो."

"तुझी उद्या आसा, तू आपलां बघ. गेल्या टायमाक माका काकान इंजिनाची सगळी गजाल सांगूक लावल्यान. माझा इंजिन माकाच नवीन वाटाक लागला."

हा गुरुप्रसाद. माझाच पुतण्या. माझा हात बटणावर होता. त्याला एकदाच सांगायचं होतं, की तुझ्या काकाला सगळं ऐकू येतंय. मी बटण दाबलं नाही. याचं कारण मोठेपणा नव्हता. त्या क्षणी मला खिडकीतून मुख दिसलं.

दुपारपासून वायव्येचा वारा चढला होता. सुकती लागली होती आणि वाटेच्या दक्षिणेकडच्या बाजूला लाट फुटत होती. गेल्या अमावास्येपर्यंत तिथे फुटत नव्हती. म्हणजे वाळू सरकली होती आणि वाट आणखी अरुंद झाली होती. होड्या बाहेर डोलत होत्या. त्यांना यातलं काही दिसत नसणार.

बारावर एकदम करकर झाली. आत येऊ का विचारायला दोघांनी एकदम बटण दाबलं होतं. करकर थांबली आणि बाहेरच्या एका होडीतून कोणीतरी म्हणालं, "बरां, ये."

त्याला एकाचंच ऐकू आलं असणार. जी होडी जवळ असते तिचा आवाज दुसऱ्याला दाबतो. पण ते "ये" दोघांनीही आपल्यासाठीच धरलं. सर्वेशच्या होडीने तोंड फिरवलं, आणि दुसऱ्या बाजूने गुरुप्रसादच्या होडीनेही. दोघांमध्ये एक मोठी लाट होती, त्यामुळे ते एकमेकांना दिसत नव्हते. दोघांनाही वाटत होतं, वाट आपली आहे.

मी बटण दाबलं आणि बोललो, पण त्याच वेळी दुसरं कोणीतरी बोलत असणार, कारण काही फरक पडला नाही. दोन्ही होड्या तशाच येत होत्या. परत दाबावंसं वाटलं, दाबून ओरडावंसं वाटलं. दाबून ठेवलं असतं तर दुसऱ्याचं बोलणं संपलं की नाही हेच मला कळलं नसतं. म्हणून बोट काढलं आणि ऐकत राहिलो. कोणीतरी बर्फाबद्दल बोलत होतं. त्याचं वाक्य संपलं. मग मी दाबलं.

"सर्वेश, तोंड बाहेर फिरव. गुरु वाटेत आसा."

आणि सोडलं.

गुरुप्रसादला मी थांबायला सांगितलं नाही, कारण तो लाटेवर चढला होता. तिथून कोणाला थांबता येत नाही. सर्वेश अजून मागे होता. त्याची होडी आडवी झाली, लाट तिच्यावर आली, पाणी आत गेलं आणि होडी बाहेरच्या बाजूला वळली. गुरुप्रसाद तिच्या पुढून निघून खाडीत आला. त्यांच्यामध्ये किती अंतर होतं ते मी सांगू शकत नाही. खिडकीतून बघताना ते मुळीच नव्हतं.

बारा नंबरवर कोणी बोलत नव्हतं. मग सर्वेश म्हणाला, "बाबूकाका?"

"लाट दक्षिणेक फुटता," मी म्हटलं. "उत्तरेच्या अंगान ये. आता नाय, सांगतंय तेवा."

मग मी बाहेरच्या होड्या बघितल्या. सगळ्यांत लांब आमच्या वाडीतल्या बाळाची होडी होती. बाळाची होडी लहान, सेट जुना, आवाज बारीक. मी बारावर आल्यापासून त्याचा आवाज एकदाही आला नव्हता. मी त्याचं नाव घेतलं आणि थांबलो. बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू आलं, "तेल सोपत इलांहा, काका. कवाधरना सांगतंय, कोण आयकनत नाय."

"सर्वेश, तू रव. बाळा, तू ये."

सर्वेशच्या होडीत पाणी होतं, त्याला थांबायचं नव्हतं, पण तो थांबला. बाळा आला, मग सर्वेश, मग बाकीचे. मी प्रत्येकाला नावापेक्षा जास्त काही बोललो नाही. कोणाला काय मासळी मिळाली ते विचारलं नाही. विचारावंसं वाटत होतं. होड्या आत येत होत्या, होडी खाडीत शिरली की तिचा आवाज बंद होत होता, आणि शेवटी सेटवर फक्त बारीक सूं असा आवाज उरला.

गुरुप्रसाद होडी बांधून घरी आला. दारातच उभा राहिला.

"काका, आमी तुमका सांगणार होतो."

"कधी?"

त्याने चपला काढल्या. मी म्हटलं, "उद्यापासना सगळे आठावर येवा. पाळी बंद. मी कायएक विचारूचंय नाय."

"अगदीच कायएक नाय म्हणजे..."

"गुरु, माझां बटण चालू आसताना बाळा बुडलो आसतो तर?"

"आज तुमचां बटण चालू नाय होतां, काका. आज आमचांच होतां," तो म्हणाला, आणि पाय धुवायला विहिरीकडे गेला. थोड्या वेळाने तिथूनच विचारलं, "जेवलात काय?" मी म्हटलं, खुबे आहेत, दोघांना पुरतील.

आम्ही ताटं घेत होतो तेव्हा आंतोन आला. सगळ्यांच्या शेवटी, पुढच्या होडीच्या मागोमाग आत आला होता. खांद्यावर ओला टॉवेल होता आणि चेहरा रागाने लाल.

"तू खंय गेल्लंस?" तो मला म्हणाला. "मी आठावर एकटोच बडबडतंय. माका वाटला, तुका काय तरी झाला. घराकडे फोन केलंय, तो पण उचलूक नाय."

"बाराक होतंय."

आंतोनने गुरुप्रसादकडे बघितलं. गुरुप्रसादने ताटाकडे बघितलं.

"पिएदादीन सांगल्यान," आंतोन म्हणाला.

"कोणी सांगूक नाय," मी म्हटलं.

"पिएदादीनच सांगल्यान." तो पायरीवर बसला. "तुका म्हायती आसा, मी किती बोललंय? आज तुका खास गजाल सांगूची होती. आमच्या पोरीक, डेलिशाक, गोव्याच्या शाळेत नोकरी गावलीहा. पणजेक. मी सगळां सांगलंय, ती कशी मुलाखतीक गेली, साडी पिएदादीची नेसली, काय विचारल्यानी, काय सांगल्यान. सगळां. आणि तू बाराक."

पणजीचं नाव त्याच्या तोंडून निघालं आणि तो थांबला. मला काय आठवत असेल ते त्याला माहीत होतं. मी ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि दुसरं घ्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा तो तसाच बसला होता, हात न लावता.

"सांग," मी म्हटलं.

"परत सगळां?"

"मी आयकाक नाय मा."

त्याने सुरुवात केली. मुलाखतीच्या दिवसापासून नाही, आदल्या दिवशी साडीला इस्त्री करताना कपाटाची किल्ली सापडत नव्हती तिथून. मध्ये दोनदा मला काहीतरी विचारावंसं वाटलं. मी विचारलं नाही. किल्ली कुठे सापडली हे त्याने पुढे आपणहून सांगितलं.