जुनी गाडी कुठे गेली?

ताईने विजेवरची गाडी घेतली आणि तिच्या पेशंटांचे हाल सुरू झाले. ताई दातांची डॉक्टर. तोंड उघडं, त्यात कापूस, वरून गाडीचं कौतुक. बिचाऱ्यांनी हो म्हणायचं तरी कसं? “धूर नाही, आवाज नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतं केलं ना, तर हवा सुधारलीच म्हणून समजा!” हे ती ठासून सांगायची, आणि तिला ते मनापासून पटलेलंही होतं.

त्या दिवशी मात्र खुर्चीत वकीलबाई होत्या. चूळ भरून झाल्याबरोबर त्यांनी उलटतपासणीच सुरू केली.

“जुनी पेट्रोलची गाडी कुठे गेली?”

“धाकट्याला दिली. माझ्या भावाला.”

“आधी तो कामावर कसा जायचा?”

“बसने.”

“एवढंच विचारायचं होतं,” वकीलबाई म्हणाल्या. ओठ पुसले आणि निघून गेल्या.

या घरात वस्तू टाकायची पद्धतच नव्हती. ताईची वापरून झाली की ती धाकट्याची. स्वेटर, सायकल, दप्तर, सगळं असंच खाली सरकलेलं; कोरं असं धाकट्याला कधी काही मिळालंच नव्हतं. गाडीही तशीच सरकली, आणि देताना ताईला आपलं मन फार मोठं वाटलं होतं. गाडीबरोबर धूरही घरातच राहिला, हे काही वकीलबाईंनी विचारेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

दवाखाना बंद करून ती थेट भावाकडे गेली. “ती गाडी भंगारात काढायची,” तिने दारातच जाहीर केलं. “तू आपला पुन्हा बसने जा.”

धाकटा एरवी गरीब गाय. आज उसळला. “वा गं वा! मी कामाला जातो तो छापखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बस बदलता बदलता जीव मेटाकुटीला यायचा माझा. आणि एका गाडीने असा काय फरक पडतो?”

“पडतो!”

“मग तुझा दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर. तू कशाला घेतलीस?”

ताईने तोंड उघडलं आणि पेशंटासारखं तसंच ठेवलं. ती हट्टी होती, पण खोटारडी नव्हती. एका गाडीने फरक पडत असेल, तर जिथे रोजचा धूर वाचेल तिथेच ती गाडी धावायला हवी. गाडी तिला फार आवडली होती. तरी तिने पर्समधून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

“ही चालव. मी चालत जाईन.”

“अगं ताई, पण ही नवीकोरी आहे!”

“असू दे. जुनी उद्या भंगारात.”

दोघं खाली उतरली. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक ताईने अजून काढलं नव्हतं. धाकटा गाडीत बसला आणि त्या प्लॅस्टिकच्या कडेवरून हळूच बोट फिरवत राहिला. चाळिशीचा बाप्या, पण आवाज एकदम लहान झाला.

“ताई, हे मी फाडू?”