बरणीची पकड

सासऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये एक काचेची बरणी होती आणि त्या बरणीविषयी एक सिद्धान्त होता. ती त्यांच्या वडिलांनी भरलेली. म्हणून ती कधी रिती करायची नाही, कधी घासायची नाही. रोगण तळाशी गेले की चपडी लाख आणि स्पिरिट वरून घालायचे, म्हणजे विरजणाप्रमाणे जुने नव्याला आपले गुण लावते. लावत होते, यात शंका नाही. स्पिरिटात विरघळलेली लाख फार जुनी झाली की सुकत नाही, आणि हा गुण घराण्यातल्या प्रत्येक पेटीने निष्ठेने जपला होता. आरशांच्या चौकटींना माश्या चिकटत. गिऱ्हाइकाने कुरकुर केली की सासरे म्हणत, "रोगण जिवंत आहे." जिवंत वस्तूने चिकटच का असावे, हे विचारणारे श्रद्धेच्या इतिहासात फार थोडे झाले, आणि त्यांचे पुढे काय झाले तेही सर्वश्रुत आहे.

सून सुतारकाम शिकूनच या घरात आली होती. दिवस भरत आले तसा तिने बाळासाठी पाळणा घडवला, ताजी चपडी आणली आणि तुटवड्याच्या दिवसांत कशीबशी स्पिरिटची एक बाटली मिळवली.

"घराण्याचं पहिलं नातवंड परक्या रोगणात झोपणार?" सासरे कडाडले. "पाळण्याला बरणीतलंच लागेल."

"बाबा, बरणीतलं लावलं तर बाळ झोपेल छान. उचलताना मात्र सोलून काढावं लागेल."

"जिभेला काही हाड?"

"तसं दोघांचंही बरोबर आहे," नवरा म्हणाला. त्याचा संसार याच एका वाक्यावर उभा होता.

"मग असं करू," सून म्हणाली. "आधी तुमच्या खुर्चीला बरणीतलं लावते. माझे आईबाबा पाळणा बघायला येतील तेव्हा तुम्ही तिच्यावर बसा. सुखासुखी उठलात, तर पाळणा बरणीचा. नाही उठलात, तर बाटलीचा."

"लाव! होऊन जाऊ दे."

तिने पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर खुर्ची उन्हात ठेवली. लबाडी केली नाही. परंपरेविरुद्ध लबाडी करावी लागत नाही, तिला फक्त पुरेसा वेळ द्यावा लागतो.

व्याही आले. सासरे नवी कोरी पांढरी पँट घालून खुर्चीत विराजमान झाले आणि चहा निवेपर्यंत पूर्वजांच्या दूरदृष्टीवर बोलले. पूर्वजांचे कार्य तोवर खालून शांतपणे चालू होते. अखेर पाळणा दाखवायला ते उठले. खुर्चीही उठली.

"अगं बाई," विहीणबाई म्हणाल्या. व्याही सौजन्याने छत न्याहाळू लागले.

सासरे पुन्हा बसले, कारण दुसरा पर्याय खुर्चीने ठेवला नव्हता. "स्पिरिट आण! लाख स्पिरिटानेच सुटते. सगळी बाटली ओत!"

सून बाटली छातीशी धरून उभी राहिली. ती ओतली, तर पैज जिंकूनही पाळणा बिनरोगणाचाच राहणार होता. "बाबा, हे पाळण्याचं आहे."

"मी इथे जन्मभर बसू?"

"तसं दोघांचंही..." नवऱ्याने सुरुवात केली.

"तू गप रे," सासूबाई म्हणाल्या. बरणीविषयी त्या आजवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. नवऱ्यासमोर येऊन त्यांनी पदर खोचला. "पट्टा सोडा आणि बाहेर या. येणाऱ्या लेकराचं स्पिरिट तुमच्या बुडाला लावायचं नाही."

"व्याह्यांसमोर?"

"ते छत बघताहेत. मघापासून बघताहेत बिचारे."

पट्टा सुटला. घराण्याचा कर्ता पुरुष पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, मान ताठ ठेवून, आतल्या खोलीत चालता झाला. पँट मागे बसून राहिली.

चपडी भिजली, गाळली गेली आणि पाळण्याला पहिला हात बसला. जेवणे उरकेपर्यंत तो हाताला कोरडा लागत होता.

खुर्ची आता वर्कशॉपच्या दाराशी असते. पांढऱ्या पँटीचे बूड तिच्यावर कायमचे बसले आहे. कुणी विचारले की सासरे अभिमानाने म्हणतात, "ही आमच्या वडिलांच्या रोगणाची पकड! अशी पकड आता कुठे मिळायची?"

हे ते उभ्यानेच सांगतात.