सतरावी वावडी

लूर्डसने आपल्या पात्राचा कागद टेबलावरून सरकवला आणि उलटा फिरवून गुरुप्रसादच्या पुढ्यात ठेवला.

"नाव वाच," ती म्हणाली. "मोठ्यान वाच. लोक बघतत."

गुरुप्रसादने हसत कागद उचलला. त्यांचा मित्र सिडनी याच्या होमस्टेमधली जेवणाची पडवी दुपारी अडीचनंतर रिकामी होते. पाहुणे मासे-भात जेवून एकतर झोपतात, नाहीतर शिरोड्याच्या किनाऱ्यावर जातात. आज तिथल्या लांब टेबलाशी चौघं बसले होते, आणि स्टँडवर लावलेल्या फोनातून तीनशेच्या वर माणसं त्यांच्याकडे बघत होती. 'खाजणनगर' या खेळाचा कर्ता आपल्या गावात, आपल्या माणसांबरोबर खेळणार, अशी जाहिरात गुरुप्रसादने पुण्याहून निघायच्या आधीच करून ठेवली होती.

"धक्क्यावरची मुलगी," त्याने वाचलं. हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र उतरलं.

"चालता ना?" लूर्डसने विचारलं. "तुज्याच पुस्तकातला आसा."

"चालतं की," तो फोनकडे बघत शुद्ध मराठीत म्हणाला. "उत्तम निवड."

खेळ तसा साधा होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, फासे आणि बोलणं. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्याच्या नगरीत हिंडायचं. गुरुप्रसादच्या नगरीत समुद्र वर चढला होता आणि खाजणाच्या चिखलात मनोरे उभे होते. माणसांना यंत्रांचे हात होते. देवचार, म्हणजे गावाभोवती फिरणारी भुतं, तारांत कोंडलेले होते, आणि कंपनीच्या माहितीच्या कोठारावर राखणदार बसलेला होता, ज्याला विडी आणि सोरो, म्हणजे दारू, दिल्याशिवाय दार उघडत नसे. कंपनीचे मालक माणसं नाहीतच, आकाशातून उतरून माणसाची कातडी पांघरलेली 'वरची माणसं' आहेत, असं त्या नगरीतला प्रत्येक जण कुजबुजत होता. या कुजबुजींचं पुस्तकात एक अख्खं प्रकरण होतं. प्रकरणाचं नाव 'वावड्या'. शंभर वावड्या, आणि प्रत्येकीखाली, फक्त सूत्रधाराने वाचायचं, असं तिचं सत्य.

ते पुस्तक गुरुप्रसादनेच लूर्डसला कुरियरने पाठवलं होतं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'लूर्डसला, जिच्यासोबत आकाश बघितलं.' शाळेतल्या मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत बसून, अभिमानाने पानं उलटता उलटता ती सतराव्या वावडीपाशी आली.

'धक्क्यावर मासे विकणारी मुलगी सांगते, तिच्या बापाला हिरव्या दिव्यांनी आकाशात नेलं. सत्य: बाप दुसऱ्या शहरात दुसऱ्या बाईसोबत सुखात आहे. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, तिला सोडून. तिच्यासमोर हसू नका. तिच्याकडे मासे स्वस्त मिळतात.'

तिचा बापूस कुस्तोदियो ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. ती अकरा वर्षांची असताना तो एका पहाटे गेला आणि परत आला नाही. दर्याने नेलं, असं सगळे म्हणाले. पण चर्चमध्ये मीस, म्हणजे प्रार्थना, झाली नाही, मांयने काळे कपडे घातले नाहीत. मेलेल्या माणसासाठी मीस होते, हे लूर्डसला ठाऊक होतं. म्हणजे तो मेला नव्हता. आणि त्या दिवसांत क्षितिजावर रोज हिरवे-पांढरे दिवे झगमगायचे. ते दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटींचे होते, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं. दिवे बापसाला घेऊन गेले, ही गोष्ट तिने जगात एकाच माणसाला सांगितली होती. तो शेजारच्या घरातला, तिच्याच वर्गातला गुरुप्रसाद.

पुस्तक वाचलं त्या संध्याकाळी ती घरी गेली. मांय विळीवर बांगडे साफ करत होती.

"पप्पा खंय आसा, मांय?"

मांयने मान वर केली नाही. कल्ले काढत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"कोणी सांगल्यान तुका?"

त्या एका प्रश्नात सगळं आलं. सतरा वर्षं गावाने जे तिच्यापासून लपवलं, ते तिला एका खेळाच्या पुस्तकातून कळलं होतं, आणि तेही विनोद म्हणून. त्या रात्रीपासून लूर्डसला गुरुप्रसादचा राग यायचा तो पुस्तकासाठी नाही, बापसासाठीही नाही. तो त्या शेवटच्या वाक्यासाठी यायचा. मासे स्वस्त मिळतात. हे लिहिताना तो हसला असणार. एकदा तरी.

म्हणून त्याचा निरोप आला, 'रविवारी खेळूया, तू हवीसच,' तेव्हा तिने लगेच होकार कळवला. आणि चौथी जागा कोणाची, ते विचारून घेतलं.

चौथी जागा दीपिकाची होती. दीपिका वेंगुर्ल्यात औषधाच्या दुकानात बसायची. दोन वर्षं ती हा खेळ फोनवरून खेळत होती, आणि त्यातली तिची तारभगत, म्हणजे तारांत कोंडलेल्या देवचारांशी बोलणारी बाई, इतरांमध्ये नावाजलेली होती. आज ती इस्त्रीचा ड्रेस घालून, स्वतःचे निळे फासे कापडी पिशवीत घेऊन आली होती. दीपिका तुळसाची मुलगी. आणि तुळसा एके काळी गुरुप्रसादच्या घरी केर-भांड्यांना होती.

"आता नियमाप्रमाणे," गुरुप्रसाद फोनकडे वळून म्हणाला, "खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडू स्वतःची एक नवी वावडी नगरीत सोडतो. चिठ्ठीच्या वर वावडी, मागे तिचं सत्य. वीस बाजूंचा फासा पंधराच्या वर पडला, तर ज्याने टाकला त्याला सत्य ऐकायला मिळतं, आणि वर एक प्रश्न विचारता येतो. लिहिणाऱ्याने खरं तेच उत्तर द्यायचं."

चिठ्ठ्या वाटायला तो उठला. लूर्डसजवळ आला तेव्हा फोनाला पाठ करून वाकला.

"लूर्डस, माका वाटला एवढ्या वर्सांनी तुका म्हायत आसतला," तो हळूच म्हणाला. "देवाशपथ."

"मासे स्वस्त गावतत, ह्या पण माका म्हायत आसतला, असा वाटला?"

तो जागेवर जाऊन सूत्रधाराच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसला.

लूर्डसने पेन उघडलं. काय लिहायचं ते तीन आठवडे पाठ होतं. तरी मागच्या बाजूला एका वाक्यापाशी पेन अडलं. मग तिने ते वाक्य कर्त्याशिवाय लिहिलं आणि चिठ्ठीची घडी घातली.

सिडनीच्या वावडीवर सगळे हसले. त्यात एक आकाशातला मालक सोलकढी पिऊन वितळला होता. मग गुरुप्रसादने लूर्डसची चिठ्ठी उघडली.

"चौथ्या मनोऱ्यातल्या साहेबांचा दूरदर्शी डोळा चोरीला गेला," तो वाचू लागला. "त्याने आकाशातले दिवे टिपता येत. घर झाडणाऱ्या बाईने तो वरच्या माणसांना विकला, असं सगळं नगर म्हणतं."

शेवटच्या शब्दांपर्यंत त्याचा आवाज बारीक झाला होता. लूर्डस त्याच्याकडे टक लावून बघत होती. हीच घटका तिला हवी होती. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, शाळेत व्हायच्या तशाच. तिला बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं.

"मी टाकतंय," दीपिका म्हणाली.

निळा फासा टेबलावरून गडगडत चटणीच्या बरणीला आपटून थांबला. अठरा.

"वाच सत्य," लूर्डस म्हणाली.

गुरुप्रसादने चिठ्ठी उलटली. त्याला काहीही वाचता आलं असतं. कागद त्याच्या हातात होता आणि इतर कोणाला दिसत नव्हता. सिडनी कंटाळून पाय हलवत होता.

"डोळा साहेबांच्या मुलाने कपाटातून नेला," गुरुप्रसादने वाचलं. "दिवे टिपायला. खडकावर पाय घसरला, डोळा पाण्यात गेला. मुलगा घरी गप्प राहिला. बाईचं काम गेलं. नंतर तिला कोणी दारात उभं केलं नाही."

त्याने एकही शब्द बदलला नव्हता.

दीपिका हसऱ्या चेहऱ्यानेच ऐकत होती. मग तो चेहरा हळूहळू स्थिर झाला. तिने फासा उचलला, मुठीत धरला.

"दूरदर्शी डोळो म्हणजे कॅमेरो," ती म्हणाली.

गुरुप्रसादने चिठ्ठी खाली ठेवली.

"माज्या आवशीर तुज्या बापसान कॅमेऱ्याचो आळ घेतललो. मी सात वर्सांची होतंय. पोलीस घराकडे इल्ले. आमची तांदळाची पिपां उपडी केली तेंनी." ती गुरुप्रसादशी बोलत होती, पण आवाज चढला नव्हता. "मगे आवस काजूच्या कारखान्यात गेली. तिची बोटां बघलंस कधी? तेलान जळली ती."

"दीपिका," गुरुप्रसाद म्हणाला, "मी..."

"गुरू, फोन बंद करू?" सिडनीने विचारलं.

"ऱ्हवां दे चालू," लूर्डस म्हणाली.

तिने ठरवलं होतं तसंच सगळं चाललं होतं. फोनाच्या पडद्यावर बघणाऱ्यांचे शेरे भराभर वर सरकत होते. तिला वाचता येत नव्हते, पण वेग दिसत होता. आता गुरुप्रसाद उठून जाईल, किंवा रडेल. तिच्यावर उलटेल, तू पण होतीस म्हणेल. त्यालाही तिच्याकडे उत्तर तयार होतं. मी अकरा वर्षांची होते, माझा बाप गेला होता.

"माजो प्रश्न ऱ्हवलो," दीपिका म्हणाली. "अठरा पडलेत. नियमान एक प्रश्न गावता."

"विचार," गुरुप्रसाद म्हणाला.

"चिठ्ठीत लिवलला आसा, पाय घसरलो. कोणाचो घसरलो?"

"माजो," गुरुप्रसाद लगेच म्हणाला. प्रश्न संपायच्या आधीच जवळजवळ. "माजोच. मी एकलोच होतंय थंय."

लूर्डसने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. पुठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवत होता. वेळागरच्या किनाऱ्यावर, त्या खडकापाशी, तो असाच खाली बघत म्हणाला होता, तू घराकडे जा, तू हय नव्हतंस, मी सांगतंय काय ता. आणि घरी गेल्यावर त्याने काहीच सांगितलं नव्हतं. सतरा वर्षं ती हे असंच लक्षात ठेवत आली होती, की तो भित्रा होता, म्हणून गप्प राहिला.

"मी तुका नाय इचारूक," दीपिका त्याला म्हणाली. "वावडी जेणी लिवल्यान, उत्तर तेणी देवचा. नियम तुजोच आसा." आणि ती लूर्डसकडे वळली.

पडवीतला पंखा घरघरत होता. लूर्डसने पात्राचा कागद पुढ्यात ओढला, पुन्हा सरळ केला. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घाल, असं गुरुप्रसाद चारदा म्हणाला होता. तिने घातला नव्हता. दिवे दिसले तशी ती पुढे धावली होती, हातात कॅमेरा घेऊन, पप्पा म्हणून ओरडत.

"माजो," ती म्हणाली.

दीपिकाने मान हलवली. काहीतरी मोजून झाल्यासारखी.

"तुका तेवा म्हायत होता, आवशीक घरातसून काडल्यानी ता?"

हा दुसरा प्रश्न होता. लूर्डसने नियम काढला नाही.

"म्हायत होता."

"आणि मगे? मोठी झाल्यार? मास्तरीण झाल्यार? माजी आवस बाजारात तुका मेळता. तू तिका 'तुळसामावशी' म्हणतंस, खुशाली इचारतंस."

"व्हय."

"आणि आज सांगलंस. तेचो सूड घेवचो होतो म्हणान."

लूर्डसने उत्तर तयार करून आणलं होतं. अकरा वर्षांची होते, एवढंच ते होतं, आणि ती आता अठ्ठावीसची होती.

दीपिकाने निळे फासे एकेक करून पिशवीत भरले. नाडी ओढली. मग स्वतःचा फोन काढून कानाला लावला.

"आये, जेवलंस?... बरां. आज सुट्टी ना तुका? सिडनीच्या घराकडे ये. शिरोड्याक, व्हय... नाय गो, माका कायएक झाला नाय. हय दोगां जणां बसलीहत. तेंका तुका कायतरी सांगूचा आसा... नाय, फोनार नाय. ये तू. एष्टी नसात तर रिक्षा कर."

तिने फोन ठेवला. "अर्ध्या तासात येता," ती म्हणाली.

सिडनी उठला आणि स्टँडवरच्या फोनाकडे हात न्यायला लागला.

"हात लावू नको," दीपिका म्हणाली. "चालू ठेवचो काय बंद करचो, ता आये ठरयतली."

सिडनी हात मागे घेऊन आत पाणी आणायला गेला. मग गुरुप्रसादने आपला पुठ्ठ्याचा आडोसा घडी करून खाली ठेवला, उठला, टेबलाला वळसा घालून लूर्डस बसली होती त्या बाकाशी आला आणि उभा राहिला. तुळसा येताना दिसेल, असा रस्त्याच्या बाजूचा तो एकच बाक होता.

लूर्डसने सरकून त्याला जागा करून दिली.