भवानीच्या आधीचं शून्य

"अक्का, आज तरी घ्या की तिकीट!" कंडक्टर लिंगराज अगदी काकुळतीला आला होता.

यल्लम्मानं मेथीची पाटी मांडीजवळ ओढली आणि तोंड फिरवलं. "भवानी व्हायच्या आधी हातात शून्य घेऊ व्हय रे? मग दिवसभर कोण फिरकंल माझ्या पाटीकडं?"

सगळी बस हसली.

कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून त्यांच्या तिकिटावर शून्य रुपये छापून येतं. निंबर्ग्याच्या आतल्या वाडीवरून कडगंचीला भाजी विकायला निघालेल्या बायकांना सकाळच्या पारी, पहिल्या विक्रीआधी, ते शून्य सोसायचं नाही. संध्याकाळी पाटी रिकामी झाली की खुशाल घेत. हा कायदा यल्लम्माचा. तिच्या तोंडी लागायची वाडीत कुणाची छाती नव्हती, लिंगराजची तर नव्हतीच. आणि चेकिंगवाले या आडवाटेला कशाला मरायला येतात! एकटी पार्वतीबाई तेवढी रोज तिकीट मागून घ्यायची. ती कडगंचीच्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात चपात्या लाटायला जायची. "आमी बुद्धाची माणसं, असलं कायबी मानत न्हाई," म्हणायची. त्यावरून यल्लम्मा तिला "आल्या मास्तरीणबाई" म्हणून चिडवायची. पण पार्वतीबाईची बसमधली जागा दुसऱ्या कुणी घेतलेली यल्लम्माला खपायची नाही.

"हसायलाव काय?" लिंगराज म्हणाला. "सोमवारपासून सकाळची ही बस बंद व्हायलीय."

हसू जागच्या जागी विरलं.

"बंद? कामून?" यल्लम्मा ताडकन उठली. "पाय ठेवायला जागा न्हाई हितं!"

"तुमाला दिसायलंय, मला दिसायलंय. मशीनला दिसत न्हाई. तिकीट निघालं तरच सरकार त्याचे पैसे डेपोला देतंय. अन् तिकिटं बघूनच कोणती बस कुठं सोडायची ते ठरतंय. गडी तर समदे फटफटीवर जातात. आपल्या सकाळच्या फेरीत मशीन म्हणतंय, पार्वतीबाई एकटी. साहेब विचारायलेत, एका बाईसाठी बस पळवायलाव व्हय?"

"मग आधी बोलायला काय झालं व्हतं तुला?"

लिंगराजनं मान खाली घातली. "मलाबी वाटलं अक्का, शून्याचा कागदच तर हाय, न्हाई फाडला तर काय बिघडतंय."

त्या दिवशी सगळ्या जणींनी मुकाट्यानं तिकिटं घेतली. पण वरातीमागून घोडं. यल्लम्मा भाजी दुसरीच्या हवाली करून, पार्वतीबाईला घेऊन तशीच डेपोत गेली. साहेब माणूस भला होता. त्यानं दोघींना खुर्च्या दिल्या.

"अक्का, तुमची बस फाट्यापलीकडच्या गावाला दिली. तिथल्या पोरी दाराला लोंबकळून कॉलेजला जात होत्या. आता त्यांच्या तोंडचा घास काढून तुम्हाला कसा देऊ?"

"पर साहेब, आमी रोज व्हतो की बसमधी!"

"असाल हो. पण कागदावर नव्हता."

यल्लम्मा खुर्चीवरून उठली. "येळेवर न्हाई पोचले तर दुसरी बाई ठेवतील," एवढंच परतताना पार्वतीबाई स्वतःशी पुटपुटली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर यल्लम्माला बरं वाटलं असतं.

सोमवारी बाकीच्या जणी वाडीत टमटम भरायची वाट बघत बसल्या. पार्वतीबाईला तेवढा दम धरणं परवडणारं नव्हतं. ती तांबडं फुटताच फाट्याकडे चालत निघाली, तशी यल्लम्माही पाटी डोक्यावर घेऊन तिच्या मागं निघाली. पार्वतीबाईनं नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

फाट्यावर बस आली ती भरूनच. आत सगळ्या त्या पलीकडच्या गावच्या पोरी होत्या. लिंगराजनं खाली उतरून पाटी वर घेतली. त्यानं मागायच्या आधीच यल्लम्मानं शून्याच्या तिकिटासाठी आधार कार्ड पुढं केलं.

पुढच्या बाकावरची एक पोरगी उठली. "बसा आज्जी."

यल्लम्मानं पार्वतीबाईचा दंड धरला आणि तिला त्या जागेवर बसवलं.

"अगं, तू बस की! एवढं वझं घेऊन चाललीस."

"न्हाई. रोज तिकीट तू घेत व्हतीस."

कडगंची येईपर्यंत यल्लम्मा दांडा धरून उभीच राहिली.